मोठी डिझेल गाडी घेतलीत? आधी ती वजनकाट्यावर न्या

मोठी डिझेल एसयूव्ही दारात आली की आपण हार घालतो, नारळ फोडतो, औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला नेतो. ते सगळं जरूर करा. मग पहिल्याच आठवड्यात गाडी वजनकाट्यावर चढवा. साखर कारखाने आणि मार्केट यार्डामुळे सांगली जिल्ह्यात काट्यांना तोटा नाही. टाकी फुल करायची, घरातली नेहमीची माणसं बसवायची, डिकीत नेहमीचं सामान टाकायचं. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. काटेवाल्याला सांगितलं की तो तीन पावत्या देतो. त्या गाडीच्या कागदांसोबत ठेवा.

आता ड्रायव्हरचं दार उघडा. बहुतेक परदेशी बनावटीच्या गाड्यांना दाराच्या खांबावर एक पट्टी असते आणि तिच्यावर किलोतले चार आकडे असतात: भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, गाडी अधिक ट्रेलर मिळून जास्तीत जास्त वजन, पुढच्या एक्सलची, म्हणजे पुढच्या दोन चाकांवरच्या भाराची, मर्यादा आणि तशीच मागच्या एक्सलची मर्यादा. पावत्यांवरचे आकडे आणि हे आकडे शेजारी मांडा. गाडी किती वजन पेलते हे आपण अंदाजाने बोलतो. खरं काय ते या दोन कागदांवरच कळतं. कोणता टायर घ्यायचा, हवा किती ठेवायची, घाटात ब्रेक कितपत पुरतील, मागे किती ओढता येईल, या सगळ्याची मुळं वजनात आहेत. म्हणून मी वजनापासून सुरुवात करते.

मी कृष्णाकाठच्या भिलवडीची. आमची द्राक्षबाग आहे आणि माझ्याकडे लँड रोव्हर डिस्कव्हरी आहे. तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल इंजिन, टॉर्क म्हणजे ओढायची ताकद ६५० न्यूटन-मीटर. रिकामी गाडीच सव्वादोन टनांच्या पुढे जाते. ब्रेक असलेला ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायची मुभा कंपनीने या गाडीला दिली आहे. मला त्यातलं थोडंच लागतं. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या नदीकाठच्या पोरांनी मोटर बसवलेली फायबरची बोट घेतली. ती जिथे लागेल तिथे ओढून न्यायचं काम माझ्या गाडीकडे आहे. उन्हाळ्यात हीच गाडी बोट घेऊन कोयनेच्या शिवसागर जलाशयावर सरावाला जाते. पुढचं सगळं या कामातून शिकलेलं आहे.

डिझेल कोणी घ्यावं?

रोजचं फिरणं सांगलीतल्या सांगलीत, विश्रामबाग ते गणपती पेठ एवढंच असेल तर मोठं डिझेल घेऊ नका. पेट्रोल घ्या, हायब्रीड घ्या. बीएस-६ म्हणजे सध्याच्या प्रदूषण नियमांच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला सगळे डीपीएफ म्हणतात. हा फिल्टर भरत आला की इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडून त्यातलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि साठलेली काजळी जाळून टाकतं. हे व्हायला गाडी सलग, मोकळ्या रस्त्यावर, वीसेक मिनिटं तरी चालावी लागते. दोन किलोमीटर जाऊन बंद, परत दोन किलोमीटर, असं चाललं तर जाळण्याचं काम प्रत्येक वेळी अर्धवट राहतं. न जळलेलं डिझेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, गॅरेज गाठा.

फिल्टर साफ होत असताना गाडी तुम्हाला सांगत असते. उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा किंचित जास्त राहतात, ॲव्हरेज अचानक पडतं, गाडी बंद केली तरी पंखा घरघरत राहतो, गरम वास येतो. असं जाणवलं तर घराच्या दारातून परत वळा आणि पंधरा-वीस किलोमीटर फिरून या. आम्हाला त्यासाठी पलूसवरून कराडकडचा रस्ता बरा पडतो. सांगलीकरांनी पेठनाक्यावर जाऊन हायवेला लागावं. गाडी शेवटच्या गिअरला टाकून रमत गमत चालवू नका. एक गिअर खाली ठेवून इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास राहू द्या. मागे ट्रेलर असला की इंजिनवर भार येतो, सायलेन्सर चांगला तापतो आणि फिल्टर आपोआप साफ राहतो. डिझेलला काम मिळालं की त्याची तब्येत चांगली राहते, हे मी रोज बघते.

ऑइल बदलायचं कंपनीचं अंतर लांबचं असतं. आमच्याकडची धूळ, ऊन आणि ओढकाम धरून मी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदलते. ऑइल डीपीएफला चालणारं, म्हणजे कमी राख सोडणारंच हवं. डब्यावरचा ग्रेड पुस्तिकेतल्या ग्रेडशी अक्षरशः जुळवून बघा. ‘तसलंच आहे ताई’ यावर विसंबू नका.

युरियाबद्दल मात्र मी ठणकावून सांगते, कारण आपल्या भागात घरोघरी युरियाच्या गोणी आहेत. या गाड्यांना डिझेलच्या टाकीशिवाय एक निळ्या झाकणाची टाकी असते. तिच्यात जातं ते डीईएफ, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारं द्रावण: ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. उसाला टाकतो तो युरिया खत म्हणून बनवलेला असतो, त्यावर निंबोळी तेलाचा लेप असतो. तो पाण्यात विरघळवून या टाकीत ओतला तर पंप, नोझल आणि धूर साफ करणारा पुढचा महागडा भाग सगळं जाम होईल. सीलबंद कॅन घ्या, तारीख बघून घ्या आणि उन्हातल्या शेडमध्ये ठेवू नका. तीस अंशांच्या वर ते लवकर खराब होतं. ही टाकी रिकामी झाली तर आधी गाडी डॅशबोर्डवर ‘आता एवढेच किलोमीटर’ असं सांगत राहते आणि शेवटी बंद केलेली गाडी सुरूच होत नाही. पुराच्या दिवसांत असं होऊन चालणार नाही, म्हणून मे महिन्यातच मी ती भरून घेते.

डिझेलही चालत्या पंपावरचंच घ्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम (दहा लाखात दहा भाग) गंधकाचं डिझेल मिळतं, पूर्वी ते ५० होतं. पंपावरच्या डिझेलची काळजी नको. काळजी घ्यायची ती शेतावरच्या बॅरलची. ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेल्या बॅरलमध्ये पावसाळ्यात पाणी धरतं, आणि या इंजिनांचे इंजेक्टर पाण्याचा एक घोटही सहन करत नाहीत.

टायर

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे लोक इथेच घालवतात, तेही दिसण्यासाठी.

आधी रिमचा आकार. माझ्या गाडीला १९ पासून २२ इंचांपर्यंत रिम येतात. चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते. रिम मोठा झाला की टायरचा रबरी भाग तेवढा आखूड होतो. २५५/६० आर१९ टायरची बाजूची भिंत १५३ मिलिमीटर उंच असते, २५५/५५ आर२० ची १४० आणि २८५/४० आर२२ ची फक्त ११४. शोरूममध्ये बावीस इंची चाक फार सुरेख दिसतं. नांद्रे-वसगडे-भिलवडी रस्त्यावर, पट्टे न मारलेल्या स्पीडब्रेकरवर आणि पावसाने भरलेल्या खड्ड्यात हीच ११४ मिलिमीटरची भिंत रिमच्या कडेवर चेपते, टायरला फुगा येतो आणि रिमही वाकतो. आपल्या भागात राहणाऱ्याने गाडीच्या ब्रेकवर बसेल तो सगळ्यात लहान रिम घ्यावा. मी वीसवर आहे, पुढच्या वेळी एकोणीस बसवणार आहे. बसतो की नाही हे पुस्तिकेत बघा, कारण मोठ्या ब्रेकच्या गाडीला लहान रिम घासतो.

मग टायरवरचा भाराचा आकडा. आकारानंतर ११० असं काही लिहिलेलं असतं. ११० म्हणजे एका टायरवर १,०६० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो. त्याच आकाराचा पण कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळतो आणि दिसायला तसाच असतो. तो घेऊ नका. काट्याची मागच्या एक्सलची पावती काढा, वजनाला दोनाने भागा, आणि टायरची क्षमता त्याहून भरपूर वर आहे ना ते बघा. पण कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली कधीच जायचं नाही, मग तुमचा भागाकार काहीही म्हणो.

भिंतीवर चार अंकी तारीख असते. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात उभं राहून चारही टायरची तारीख वाचा. काही टायरवर ती एकाच बाजूला असते, म्हणून बसवायच्या आधी वाचा.

एच/टी घ्यायचा की ए/टी? एच/टी म्हणजे डांबरी रस्त्याचा, ए/टी म्हणजे डांबरी आणि कच्चा दोन्हीचा, आणि एम/टी म्हणजे चिखलाचा. आमच्याकडे प्रश्न काळ्या मातीचा आहे. ती ओली झाली की टायरच्या खाचांत अशी गच्च बसते की कुठलाही टायर दहा फुटांत गुळगुळीत होतो. मोठ्या खाचांचा टायर घेतला म्हणजे काळ्या रानात गाडी शिरेल हा समज सोडून द्या. तिथे मुरमाचा रस्ता शोधणं हाच उपाय. पण माण-खटावकडच्या खडकाळ वाटा, आटपाडी-जतकडचे मुरमाड रस्ते, पाटणच्या डोंगरातल्या वस्त्या इथे ए/टी ची जाड भिंत खरंच उपयोगी पडते. उलट वाई-पाचगणीचा पसरणी घाट, महाबळेश्वरचा पाऊस, पुणे-सातारा हायवे हेच तुमचं फिरणं असेल तर चांगला एच/टी घ्या. ओल्या डांबरावर तो लवकर थांबतो, आवाज कमी करतो, डिझेलही वाचवतो. मी सौम्य नक्षीचा ए/टी वापरते, कारण बोट उतरवायची जागा कधीच डांबरी नसते.

नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रानातला चिखल चाकांवर घेऊन रस्त्यावर येतात. दव पडलं की त्या चिखलाचा साबण होतो. त्या काळात खाचांची खोली महत्त्वाची. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो; अडीच टनांच्या गाडीवर मी तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर ठेवत नाही. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीला एकच नवा टायर टाकू नका. नव्या-जुन्याच्या घेरात फरक पडला की मधली गिअरपेटी सतत ओढाताणीत राहते. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे करा म्हणजे चारही सारखे झिजतील. फॉर्च्युनरसारख्या फोर-बाय-फोर गाडीचं तंत्र निराळं आहे: तिथे फोर-व्हील आपण हाताने लावतो, ते कोरड्या डांबरावर लावायचं नाही.

हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी बघायची. दाराच्या स्टिकरवर रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा असे दोन आकडे असतात. ट्रेलर जोडला की भरलेल्या गाडीचा आकडा लागू. उन्हात चालून हवा चार-पाच पीएसआय वाढते. ती मुद्दाम सोडू नका, टायर थंड झाला की कमी भरेल. नायट्रोजनचा आग्रह नको, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आणि गाडी रन-फ्लॅट टायरवर आली असेल, तर हवा गेल्यावर ती साधारण ८० किलोमीटर, ८० च्या वेगाच्या आत चालते. जत-आटपाडीच्या बाजूला रात्री तेवढ्यात टायरचं दुकान लागेलच असं नाही. पूर्ण मापाची स्टेपनी, बारा व्होल्टचा हवेचा पंप आणि खरोखर वजन पेलणारा जॅक एवढं गाडीत पाहिजेच.

मागे ओढणं

ट्रेलर ही आरटीओच्या लेखी स्वतंत्र गाडी आहे. तिला वेगळा नंबर, वेगळं आरसी, मागचे दिवे, इंडिकेटर, लाल रिफ्लेक्टर हवेत. हुक गाडीच्या कंपनीने मान्य केलेला आणि चासीला बोल्टने बसवलेला घ्या. बाजारात मागच्या बंपरला शोभेचे हुक लावून मिळतात, त्यांना काहीही जोडू नका. विमा कंपनीला हुक बसवल्याचं लेखी कळवा.

परत काट्याकडे. आमची बोट, मोटर, पेट्रोलचे कॅन, जॅकेटं, दोर आणि ट्रेलर मिळून ‘पाचशे असेल’ असं सगळे म्हणत होते. काट्याने ७४० दाखवले. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत ७५० किलोची मर्यादा असते, म्हणजे आम्ही काठावर होतो. पेट्रोलचे कॅन आणि जॅकेटं गाडीच्या डिकीत घेतली आणि ट्रेलर हलका केला. तुमचा ट्रेलर ७५० च्या वर जात असेल तर ब्रेक असलेलाच घ्या.

एकूण वजनाइतकंच महत्त्व हुकावर टेकणाऱ्या वजनाला. ट्रेलरचं तोंड हुकावर जेवढं दाबतं ते एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के असलं की ट्रेलर सरळ चालतो, फक्त तो आकडा हुकावर लिहिलेल्या मर्यादेच्या आत हवा. मोजायला तासगावकडे बेदाण्याच्या पेट्या तोलतात तो छोटा इलेक्ट्रॉनिक काटा उत्तम. ट्रेलर सपाट जागेवर उभा करा, चाकांना दगड लावा, काट्यावर हुकाच्या उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा आणि ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवा. कमी भरलं तर सामान पुढे सरकवा, जास्त भरलं तर मागे.

वजन मागे गेलेला ट्रेलर ऐंशीच्या पुढे शेपटी हलवायला लागतो. अशा वेळी ब्रेक दाबू नका, वेग वाढवू नका, स्टिअरिंगने त्याच्यामागे धावू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि वेग आपोआप पडू द्या. मी ट्रेलर घेऊन साठ-सत्तरच्या वर जात नाही. कुंभार्ली घाट उतरताना माथ्यावरच गिअर हाताने खालचा लावून घेते. अर्धा उतार झाल्यावर लावायचं म्हटलं तर तोवर ब्रेक तापलेले असतात. सतत पाय ठेवण्यापेक्षा थोडा ठाम ब्रेक, मग पूर्ण सोडा, परत ब्रेक. ओव्हरटेक करताना आपल्यामागे आणखी साडेपाच मीटर आहेत हे शेजारी बसणाऱ्याने मोठ्याने म्हणावं. आमच्या गाडीत ते काम दीर करतात.

रिव्हर्ससाठी एक सोपी पद्धत: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात सरकवा, थोडा थोडा. काटकोनात मुडपायला लागला की पुढे जाऊन सरळ करा. मोकळ्या खळ्यावर हे घटवून ठेवा, पूर आलेल्या रात्री शिकायला वेळ नसतो.

बोट पाण्यात उतरवताना ट्रेलरच्या चाकांचं बेअरिंग जपा. लांबून आल्यावर ते गरम असतं. तसंच थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बेअरिंग पाणी ओढून घेतं. हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. दर वेळी पाण्यातून निघाल्यावर ग्रीस भरा.

गाडीच बंद पडली तर? ऑटोमॅटिक गिअरची, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी जमिनीवर चाकं ठेवून टोचन करू देऊ नका. पुढची दोन चाकं उचलून मागची फरफटत नेली की गिअरबॉक्स जातो. फोनवरच सांगा: फ्लॅटबेड पाठवा, चारही चाकं वर पाहिजेत. तुम्ही दुसऱ्याला टोचन लावत असाल तर दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि वेग पंचवीसच्या आत.

चिखलात रुतलात तर मदतीला बहुधा ट्रॅक्टर येईल. साखळी बांधायची ती पुस्तिकेत दाखवलेल्या ओढायच्या कडीलाच, चाकामागच्या दांड्याला नाही. ट्रॅक्टरवाल्याला आधी साखळी ताणून घ्यायला सांगा आणि लहान गिअरमध्ये हळू ओढायला. झटका द्यायचा नाही. साखळीवर मधोमध भरलेलं पोतं टाका, म्हणजे तुटली तर ती उसळणार नाही. आणि बघ्यांना साखळीच्या लांबीपलीकडे हटवा, पोरांना तर आधी.

पाणी

माझी गाडी ९०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते. हा आकडा थांबलेल्या पाण्याचा आणि खालची जमीन टणक असल्याचा आहे. कृष्णेच्या पुराला तो लावू नका. वाहत्या पाण्यात गाडी तरंगू लागते, चाकांवरचं वजन कमी होतं, आणि दोन फूट वाहतं पाणी मोठ्या गाडीलाही बाजूला ढकलतं. काट्यावर दिसलेले अडीच टन तिथे तुमच्या कामी येत नाहीत. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं. आम्ही ४० ची वाट बघत नाही. पाणी पस्तिशीकडे सरकलं की बोट उंचावरच्या वस्तीवर नेऊन ठेवतो आणि मी गाडी गावाच्या वरच्या अंगाला लावते. त्यापुढे गाडीचं काम संपतं, बोटीचं सुरू होतं.

कुठे पाण्यातून जावंच लागलं आणि इंजिन बंद पडलं, तर परत स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, आतला पिस्टनचा दांडा वाकतो. सुखरूप बाहेर आलात तर थोडं अंतर हलका ब्रेक दाबत चला म्हणजे ब्रेक सुकतील. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये डिफरेन्शिअलचं, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं, ऑइल बघायला सांगा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे, लगेच बदला.

मे महिन्याच्या शेवटी एक दिवस यासाठीच ठेवा. ट्रेलरचे दिवे लावून बघायचे, बेअरिंगला ग्रीस, हुकाचे बोल्ट, ट्रेलरच्या टायरची तारीख, कारण वर्षभर उन्हात उभा राहून तो टायर झिजत नाही, पण तडकतो. डीईएफ भरायचं, वायपरचं रबर बदलायचं, स्टेपनीत हवा भरायची. आणि सगळं सामान लादून झाल्यावर बोटीसकट एकदा काट्यावर जाऊन यायचं, कारण गेल्या वर्षभरात बोटीत कोणी काय टाकून ठेवलं आहे ते काट्यावरच कळतं.